तळाचा गाळ आणि दोन यंत्रे

आमच्या भाच्याने खाडीपट्ट्यात नवे घर बांधले आहे. कुवेतमध्ये वीस वर्षे काढलेला माणूस, त्यामुळे अंगणात पोहण्याचा तलाव हवाच होता. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, साडेचार फूट खोल. म्हणजे साधारण सत्तावन्न हजार लिटर पाणी. परवा त्याचा फोन आला, "मामू, तुम्ही एवढं वाचता, तर सांगा. तळ साफ करायला सक्शनवाला क्लीनर घेऊ की रोबोट? रोबोट फार महाग आहे."

मला धड पोहताही येत नाही. तरी मी वाचत बसलो, आणि दुकानातला वाटणारा हा प्रश्न बराचसा इतिहासाचा निघाला.

लहानपणी आमच्या मशिदीचा हौज रमजानच्या आधी, शाबान संपता संपता रिकामा केला जाई. आम्ही पोरे रांगेत उभे राहून बादल्या पुढे देत असू. वडीलधारी माणसे आत उतरून काथ्याने शेवाळ घासत. निघालेले पाणी पाटाने मागच्या माडांना जाई. तळ साफ करायचा तर हौज रिकामा करायचा, एवढेच तंत्र होते. पाणी तसेच ठेवून तळाला हात घालायचा ही कल्पना मात्र जुनी आहे. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी लिहिलेल्या 'किताब अल-हियल' या ग्रंथात पाण्याच्या तळातून वस्तू उचलणाऱ्या जबड्याचे वर्णन आहे. १२०६ साली अल-जझरीने पूर्ण केलेल्या ग्रंथात शोषनळी असलेला दोन सिलिंडरचा पंप आहे. (म्हणून पूल क्लीनर आपल्याच लोकांनी शोधला, असा मेसेज उद्या कुणी पाठवला तर तो पुढे पाठवू नका. या दोन यंत्रांपासून आजच्या क्लीनरपर्यंत सरळ वाट जात नाही.)

खरी वाट सुरू होते ती दुसऱ्या महायुद्धानंतर, घरोघरी तलाव बांधले जाऊ लागले तिथून. कॅलिफोर्नियात अँड्र्यू पानसिनी याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाण्याच्या जोराने हलणाऱ्या नळ्यांनी गाळ ढवळून काढायची युक्ती केली. पण ओढून घेणारे, म्हणजे शोषणारे यंत्र घरोघरी पोचले ते दक्षिण आफ्रिकेतून.

फर्डिनांड शॉव्हिये हा जलयंत्रांचा अभियंता १९५१ साली बेल्जियन काँगोतून दक्षिण आफ्रिकेत आला. तलाव साफ ठेवण्यात किती वेळ, मजुरी आणि पैसा जातो हे त्याने पाहिले, आणि १९७४ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या स्प्रिंग्ज गावात त्याचे पहिले 'क्रीपी क्रॉली' तयार झाले. त्याची खुबी अशी की त्याला स्वतःची मोटारच नाही. तलावाचे पाणी गाळायला जो पंप रोज तासन् तास चालतो, त्याच्याच ओढीवर ते जगते. लांब नळीचे एक टोक पंपाच्या ओढीकडे, दुसऱ्या टोकाला हे यंत्र. आत एक झडप इकडून तिकडे आपटते, क्षणभर प्रवाह अडतो, नळीतल्या पाण्याला हिसका बसतो आणि यंत्र बोटभर पुढे सरकते. पुन्हा आपटते, पुन्हा सरकते. बिघडले तर बहुधा एखादे रबर बदलायचे. इतके सोपे यंत्र पाहिले की ते करणाऱ्या डोक्याविषयी आदर वाटतो.

पण ते १९७४ सालचे दक्षिण आफ्रिका होते. वर्णभेदाचे राज्य. १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक तलाव, बाके, समुद्रकिनारेसुद्धा वर्णानुसार वाटलेले. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने वस्त्या वाटलेल्या. केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ साली गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि तिथली घरे पाडली गेली. या कायद्याचा फटका आपल्या माणसांनाही बसला. मोर्बा, करजी, हबसाण इथून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपला गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबे तिथे होती, आणि भारतीयांना रायलँड्स, क्रेव्हनबी अशा ठरवून दिलेल्या वस्त्यांत जावे लागले. घरामागे निळा तलाव असलेली उपनगरे गोऱ्यांची. तिथे बागेत राबणारा काळा माणूस पन्नाशीचा असला तरी त्याला 'गार्डन बॉय' म्हणत.

मजूर एवढा स्वस्त करून ठेवलेल्या देशातच मजूर वाचवणारे यंत्र का जन्मावे? माझा तर्क असा की ऊन भरपूर, तलाव भरपूर आणि वीज स्वस्त होती, म्हणून पंप दिवसभर चालवायला कुणाला काही वाटत नसे. फुकट मिळणाऱ्या त्या ओढीवर एक यंत्र जोडले, एवढेच. शॉव्हियेच्या यंत्राचे नाव मग इतके गाजले की फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेत डेटोनाची चोवीस तासांची मोटार शर्यत 'क्रीपी क्रॉली' नावाच्या संघाने जिंकली. चालक तिघेही दक्षिण आफ्रिकेचे. त्या देशाच्या क्रीडासंघांवर जगाचा बहिष्कार असताना तलाव पुसणाऱ्या यंत्राचे नाव मात्र पहिले आले!

रोबोट याच सुमारास आला. डॉल्फिन नावाचे रोबोट करणारी मेट्रॉनिक्स कंपनी इस्रायलच्या यिझ्रेल किबुत्झमध्ये १९८३ साली सुरू झाली. रोबोटचे तत्त्व नेमके उलटे आहे. तो तलावाच्या पंपाकडे काहीच मागत नाही. चाके फिरवायला आणि पाणी ओढायला त्याच्या पोटात मोटारी, गाळ धरायला पोटातच जाळी. बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमधून केबलने कमी दाबाची वीज घेतो. दीडशे वॅट धरा, अडीच तासांत अर्ध्या युनिटहून कमी. सक्शनसाठी मात्र एक हॉर्सपॉवरचा पंप जोरात चालावा लागतो, आठ तासांत सहा युनिट. दुकानदार हा हिशेब रंगवून सांगतो, पण अर्धाच सांगतो. रोबोट असला तरी पाणी गाळायला आणि क्लोरीन फिरवायला पंप चालवावाच लागतो.

मग फरक कुठे पडला? पंप हळू चालवायची सोय आली तिथे. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते. अमेरिकेत जुलै २०२१ पासून नव्या तलावपंपांना कार्यक्षमतेचा नियम लागू झाला आणि वेग बदलणारे पंप सर्रास झाले. पण पंप हळू झाला की सक्शन क्लीनर जागीच बसतो. ज्याच्या जिवावर तो जगत होता ती वाया जाणारी ओढच संपली.

पाण्याचा हिशेब याहून कडक आहे. सक्शनचा सगळा गाळ वाळूच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो, आणि तो धुवायला पाणी उलटे सोडून गटारात टाकावे लागते. मिनिटाला दीडदोनशे लिटर, तीन मिनिटांत पाचशे. रोबोटची जाळी बादलीभर पाण्यात धुता येते. फिल्टर तरीही धुवावा लागतो, पण बऱ्याच दिवसांनी. सलग दुष्काळानंतर १ फेब्रुवारी २०१८ पासून केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला पन्नास लिटरची मर्यादा आली, नळाच्या पाण्याने तलाव भरायलाही बंदी झाली. एकदा फिल्टर धुवायचा म्हणजे दहा माणसांचे दिवसाचे पाणी. त्या देशात २००८ पासून लोडशेडिंगही सुरू होते. स्वस्त विजेवर आणि मुबलक पाण्यावर वाढलेले यंत्र आपल्याच गावात महाग पडले.

भाच्याला मी एवढे सगळे सांगितले नाही. दोन प्रश्न विचारले. मे महिन्यात तुझी बोअरवेल किती चालते? "पंधरा तारखेनंतर टँकर मागवतो, मामू." आणि रोबोट बिघडला तर दुरुस्तीला कुठे? "मुंबईला पाठवायचा, म्हणे. पंधरा दिवस."

दुसरे उत्तर सक्शनच्या बाजूचे होते. पावसाळ्यात फणस-आंब्याचा पाला पडतो, विजेचा भरवसा नसतो, पाणी मात्र उदंड. त्या चार महिन्यांत साधे रबराचे यंत्रच बरे. पण कोकणात वर्ष ठरते ते मे महिन्यावरून. त्याच्या कुंपणापलीकडच्या वाडीत बायका टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असताना अलीकडे पाचशे लिटर गटारात सोडायचे, हे त्यालाच नको वाटले. रोबोट घे, म्हटले. ट्रान्सफॉर्मर तलावापासून चांगला दहा फूट लांब, पडवीत टांग, आणि पावसाळ्यात तलावावर ताडपत्री घाल.

मागच्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो होतो. जाळी कुठे धुवायची म्हणून विचारत होता. बादलीतले पाणी दोन दिवस उन्हात ठेव, क्लोरीन उडून जाईल, आणि मग घाल, असे सांगून त्याला विहिरीकडचे दोन माड दाखवले.