पाहुण्यांची मुंबई : सावर्डे परिसरातील मंडळींच्या नगरदर्शनाचा विचार

मुंबई शहरासंबंधी जे इतिहासलेखन झाले आहे, त्यात दोन प्रकारची माणसे ठळकपणे वावरताना दिसतात. शहराची उभारणी करणारे गव्हर्नर, शेटसावकार व स्थापत्यविशारद हा एक वर्ग. आणि गिरण्या, गोद्या व बाजार यांत राबणारा कष्टकरी हा दुसरा. या दोहोंच्या आड तिसरे एक माणूस उभे आहे. ते चार-आठ दिवसांसाठी शहरात येते, आप्ताच्या खोलीत उतरते, 'मुंबई पाहते' आणि गावी परतते. जनगणनेत त्याची नोंद होत नाही, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते आणि हॉटेलात न उतरल्यामुळे प्रवाशांच्या यादीतही ते सापडत नाही. परंतु कोकणातील घराघरांत मुंबईची जी प्रतिमा तयार झाली, तिचा बराच भाग या पाहुण्याने आपल्या डोळ्यांनी नेलेला आहे. त्याची करमणूक हा गौण विषय समजण्याची पद्धत आहे; ती सोडून दिल्यास श्रमिकांच्या इतिहासातील काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

यासाठी सावर्डे परिसर समोर ठेवणे सोयीचे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील हे गाव चिपळूणच्या दक्षिणेस, मुंबई-गोवा मार्गावर वसलेले आहे. आज ते रस्त्याने व लोहमार्गाने मुंबईशी थेट जोडलेले असले, तरी या दोन्ही सोयी इतिहासाच्या मानाने अलीकडच्या होत. आगबोटींच्या काळात या भागातील माणसास मुंबई गाठावयाची म्हणजे प्रथम चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरावर जावे लागे. तेथून होडीने वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळ, आणि दाभोळास आगबोट. घाटावरून जाणाऱ्यास कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडची वाट होतीच, पण ती लांबची. पावसाळ्यात किनाऱ्यावरील बोटवाहतूक बंद राही. ऐन पावसात समुद्र किती घातकी असतो, याची आठवण १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेल्या 'रामदास' बोटीच्या दुर्घटनेने कायमची करून ठेवली आहे. तीत सहाशेहून अधिक माणसे बुडाली, आणि तो प्रवास तर अगदी जवळचा होता.

या मार्गाचा परिणाम पाहुण्याच्या पंचांगावर झाला. मुंबईचा चाकरमानी गणपतीस व शिमग्यास गावी येतो, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्याच्या उलट दिशेचा प्रवास मात्र भातकापणी उरकल्यावर, समुद्र शांत असताना, म्हणजे साधारणतः दिवाळीनंतर वैशाखापर्यंतच्या काळात शक्य होता. शेतीचा रिकामा काळ आणि बोटीचा मोसम हे एकमेकांशी जुळत असल्यामुळे पाहुण्याची मुंबई ही प्रायः कोरड्या ऋतूतील मुंबई होती. पावसाने तुंबलेले रस्ते व ओल धरलेल्या चाळी त्याच्या वर्णनात क्वचितच आल्या असतील. गावात मुंबईचे कौतुक अधिक व तक्रार कमी का, याचे एक साधे कारण येथे सापडावे.

पाहुणा कोणाकडे उतरे? १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती आणि त्यांपैकी सुमारे सव्वा लाख माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाच्या काही भागाचाही समावेश होता, हे येथे ध्यानात ठेवावे. म्हणजे शहरातील दर सहा माणसांमागे एक या जिल्ह्यातील. अशा स्थितीत गावाकडच्या माणसास धर्मशाळा शोधण्याचे कारण नव्हते. लालबाग, परळ, गिरगाव या भागांत एका गावाच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या होत्या. पाळीपाळीने कामावर जाणारे दहा-पंधरा जण तेथे पाळीपाळीनेच झोपत. पाहुणा या व्यवस्थेत सामावला जाई. त्याचे जेवण खानावळीत किंवा खोलीतील सामाईक चुलीवर, आणि त्याचा वाटाड्या म्हणजे ज्याची पाळी सुटली असेल तो. गिरणगावातील शेजार व खेड्याशी टिकून राहिलेले नाते यांचे महत्त्व राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. त्या विवेचनात पाहुणचाराचा हा धागा जोडला, तर गावाचे शहराशी नाते केवळ मनीऑर्डरीपुरते नव्हते, हे अधिक पटते.

खोली कोठे आहे यावरून पाहुण्याचा नकाशा ठरे. मॅक्लीन यांचे १८७५ पासून निघालेले इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक हातात घेऊन अपोलो बंदरावर उतरणाऱ्या साहेबाची मुंबई कोटापासून सुरू होई. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली 'मुंबईचें वर्णन' लिहून मराठी वाचकास शहर दाखविले. त्यांची दृष्टी शहरात स्थायिक झालेल्या जाणत्या गृहस्थाची आहे. सावर्ड्याकडचा पाहुणा भाऊच्या धक्क्यावर उतरे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ साली बांधलेला हा धक्का कोकणी माणसाच्या दृष्टीने मुंबईचे खरे महाद्वार होय. गेटवे ऑफ इंडिया ही कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली, आणि तीही त्याच्या बोटीच्या वाटेवर नव्हती. धक्क्यावरून तो थेट गिरणगावात जाई. तेथून भायखळा पायी जाण्याच्या अंतरावर; कोट दूर. पाहुण्याच्या यादीत राणीची बाग प्रथम व संग्रहालये, मनोरे नंतर का, याचे उत्तर अभिरुचीत शोधण्यापूर्वी या अंतरात शोधावे हे बरे.

परंतु अंतराइतकीच वेळेचीही अडचण होती. पाहुण्यास रोजच सुटी. त्याच्या यजमानास नाही. गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत आणि आठवड्याची ठराविक सुटी अशी नव्हतीच. सणावारी गिरणी बंद राहिली, तरी यंत्रांच्या साफसफाईस कामगारांना बोलावले जाई. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून जी मागणीपत्रे तयार केली, त्यांत रविवारच्या सुटीस अग्रस्थान होते. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीस कायद्याचे पाठबळ मिळाले. या सुटीचा विचार करताना विश्रांती, आरोग्य, धर्मकृत्ये यांचा उल्लेख नेहमी होतो. पाहुण्याचे नगरदर्शन हेही तिचेच फळ आहे. रविवार मिळाला, तेव्हा कामगारास प्रथमच आपल्या माणसांना दिवसाच्या उजेडात शहर दाखविता येऊ लागले. एरवी तो त्यांना रात्रीच भेटत असे.

राणीच्या बागेचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ही बाग लोकांसाठी खुली झाली. वनस्पतींचा अभ्यास, शेतीबागायतीची सुधारणा, नागरिकांस शुद्ध हवा, असे तिच्यामागचे हेतू होते. तिच्या आवारातील संग्रहालय २ मे १८७२ रोजी उघडण्यात आले. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड व जॉर्ज बर्डवुड यांनी त्यासाठी खटपट केली, आणि १९७५ पासून ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते. देशातील कच्चा माल, कारागिरी व उद्योग यांचे ज्ञान लोकांना व्हावे, ही त्याची मूळ कल्पना. १८७३ च्या सुमारास तेथे प्राणिसंग्रहालयाची भर पडली आणि मग बागेचे स्वरूपच पालटले. सुधारकांना जी पाठशाळा हवी होती, ती लोकांनी जत्रा करून टाकली. वाघ, सिंह, माकडे पाहावयाची. दगडी हत्तीस हात लावून यावयाचे. 'अजबखान्या'त एक फेरी मारावयाची आणि सावलीत बसून बरोबर आणलेली भाकरी खावयाची. हा हत्ती घारापुरीचा. तो इंग्लंडास नेण्याच्या खटपटीत १८६४ साली भंगला, आणि त्याचे तुकडे पुढे १९१४ साली याच बागेत जोडून उभे करण्यात आले. घारापुरीची बोट परवडली नाही तरी घारापुरीचा हत्ती पाहून झाला, एवढे समाधान पाहुण्यास त्याने दिले.

अजबखान्यात निरनिराळ्या जातिजमाती, त्यांचे वेष व व्यवसाय यांचे मातीचे लहान नमुने काचेच्या कपाटांत मांडलेले आहेत. त्यांची मांडणी करणाऱ्याची दृष्टी वर्गीकरणाची होती. शेतातून थेट आलेल्या माणसाने नांगरधाऱ्याची दीड वीत उंचीची आकृती काचेमागे पाहावी, यातील विनोद त्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही. पाहुण्याच्या लक्षात तो न येणे शक्य नव्हते. सुधारणेच्या हेतूने उभारलेल्या संस्थांचा इतिहास त्यांच्या अहवालांवरून लिहिला, तर हा दुसरा अर्थ निसटून जातो.

या बागेचे आणखी एक महत्त्व आहे, आणि ते स्त्रियांच्या संदर्भात. मुंबई हे दीर्घकाळ पुरुषांचे शहर होते. १९२१ च्या सुमारास येथे हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण साडेपाचशेहूनही कमी होते. गिरणीतील कामगाराची बायको गावी शेत व म्हातारी माणसे सांभाळी. ती मुंबईस येई ती बहुधा दवाखान्याच्या निमित्ताने, किंवा एखाद्या लग्नकार्यासाठी, परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाल्यावर हे निमित्त अधिकच सोपे झाले. परंतु आलेल्या स्त्रीने राहावयाचे कोठे? दहा-पंधरा पुरुषांच्या खोलीत तिला जागा नव्हती. एखाद्या बिऱ्हाडकरू नातेवाइकाकडे तिची सोय लावीत. अशा वेळी वर्षातून दोनदा भेटणाऱ्या नवराबायकोला दोन शब्द निवांतपणे बोलावयाचे, तर शहरात जागा उरे ती बागेत नाही तर समुद्रकाठी. बरोबर दीर, भावजय, मुले असली तरी झाडाखाली चार पावले पलीकडे बसता येई. ज्यास करमणूक म्हणून हिशेबात धरले जाते, त्यात संसाराचा हा भाग मिसळलेला होता. गिरणगावाच्या इतिहासात घराच्या टंचाईचे आकडे पुष्कळ आहेत. त्या टंचाईवर माणसांनी काढलेली ही वाट त्यांच्या शेजारी मांडली पाहिजे.

देवदर्शन हा नगरदर्शनाचा दुसरा भाग. मुंबादेवी, महालक्ष्मी, बाबुलनाथ, वाळकेश्वर ही ठिकाणे ठरलेली. देवाला जाणे हे घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने खर्चाचे उत्तम समर्थन होते, आणि महालक्ष्मीस गेलेल्या माणसास समुद्र आपोआपच दिसे. चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे दहन याच वाळूत झाले. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, त्यामुळे या जिल्ह्याच्या माणसास तेथे परकेपण वाटण्याचे कारण नव्हते.

कोटातील इमारती पाहणे शक्य झाले ते ट्राममुळे. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम कुलाबा व पायधुणी यांच्या दरम्यान सुरू झाली, तेव्हा भाडे तीन आणे होते. ते लवकरच दोन आण्यांवर आले. ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. पाहुण्याच्या दृष्टीने ट्राम हे वाहन तर होतेच, शिवाय पाहण्याची वस्तूही होती. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा, बोरीबंदरचे भव्य स्थानक, क्रॉफर्ड मार्केट हे सारे खिडकीतून पाहून होई; आत शिरण्याचा प्रश्न बहुधा येत नसे. विद्यापीठाच्या इमारतीचे मुंबई पाहण्यात एवढेच स्थान होते, हे विद्यापीठीय अभ्यासकांनी थोड्या नम्रतेने नोंदवून ठेवण्यासारखे आहे. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली.

स्वातंत्र्यानंतर यादी वाढली. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली व मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यान १९५२ साली सुरू झाले. त्या उद्यानातील 'म्हातारीचा बूट' तर गावोगावच्या मुलांना मुंबईस न जाताही ठाऊक झाला. मासे पाहण्यासाठी कोकणी माणसाने पैसे मोजावे याचे घरच्या म्हाताऱ्यांना नवल वाटले असल्यास ते योग्यच म्हटले पाहिजे. वरळीस १९७७ साली नेहरू तारांगण आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर ही सारी व्यवस्था मोडत गेली. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात गिरणगावातील माणसांच्या तोंडून ही मोडतोड ऐकावयास मिळते. यजमानच वसई-विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकला, आणि भायखळ्याची बाग त्याच्याही दृष्टीने लांबची झाली. गाव व शहर यांतील अंतर मात्र त्याच काळात कमी झाले. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला आणि सावर्डे हे त्यावरील एक स्थानक झाले. जो प्रवास पूर्वी होडी, बोट व धक्का यांच्या आधाराने होई, तो आता काही तासांचा आहे. मुंबईस जाऊन यावयाला आता ऋतू पाहावा लागत नाही, आणि मुक्कामही लांबत नाही.

राणीच्या बागेत २०१७ साली पेंग्विन पाहावयास ठेवण्यात आले. त्याच वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपये करण्यात आले. बागेच्या देखभालीस पैसा लागतो, हे मान्य. तथापि चौघांच्या कुटुंबास एकत्र सवलत देणाऱ्या या दरपत्रकात दीर, भावजय, मावशी व त्यांची मुले अशा आठ-दहा जणांच्या पाहुणमंडळीचा विचार नाही. कुटुंब म्हणजे काय, याची महापालिकेची व्याख्या आणि खोलीची व्याख्या वेगळी आहे. इकडे सावर्ड्याजवळ डेरवण येथे शिवचरित्रावरील शिल्पांची शिवसृष्टी उभी आहे, आणि सुटीच्या दिवसांत ती पाहण्यासाठी मुंबईची मंडळी येतात. त्यांतील काहींचे आजे-पणजे याच परिसरातून गोवळकोटची वाट धरून गेलेले असणार. आता पाहुणे ते आहेत, आणि उतरतात मात्र पुष्कळदा लॉजवर.