सिझियम धरून ठेवणारा दगड

राहुरीच्या परिसरात विहीर खणताना काळ्या पाषाणाखाली कधी मांजऱ्या खडक लागतो. तो पोकळ्यांनी भरलेला, पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे झिरपलेल्या पाण्यातून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही त्यांतली झिओलाइट कुळातली खनिजे. त्यांच्या सोबतीने सापडणारे अपोफिलाइट या कुळातले नाही; पण तालुक्यातल्या मोमीन आखाड्याचे हिरवे अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे.

मुंबई सरकारच्या सेवेतल्या विल्यम साइक्सने पुणे-अहमदनगर भागातल्या या खडकांवर लिहिलेला निबंध 1836 मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने छापला. पुढे भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला गेला, तेव्हा इथले स्फटिक युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. त्यांची ओळख मात्र देखणे दगड एवढीच होती.

झिओलाइट कुळाचा खरा गुण स्वीडनच्या खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेटला 1756 मध्येच ओझरता दिसला होता. तापवताच दगड फसफसला, कारण त्याच्या आत पाणी होते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सांगाड्यात सूक्ष्म बोगदे असतात. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आले की सांगाड्यावर ऋण भार येतो आणि तो सांभाळायला सोडियम, कॅल्शियमचे आयन बोगद्यांत राहतात. सिझियमने दूषित झालेले पाणी त्यांतून वाहू दिले की हे आयन बाहेर पडतात आणि सिझियम त्यांची जागा घेते.

सिझियम-137 चे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षे. ते पाण्यात सहज विरघळते, म्हणून अणुकचऱ्यातला हा मोठा धोका. अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुकेंद्रात काम करणाऱ्या लॉइड एम्स यांनी 1960 मध्ये दाखवले, की क्लिनोप्टिलोलाइट हे झिओलाइट इतर आयनांच्या गर्दीतूनही सिझियम निवडून घेते. त्याचा सांगाडा दख्खनच्या पोकळ्यांतल्या ह्यूलँडाइटसारखाच असतो. फक्त सिलिका जास्त.

परीक्षेची वेळ 1979 मध्ये आली. थ्री माइल आयलंड अणुभट्टीच्या अपघातानंतर इमारतीत साचलेले लाखो लिटर किरणोत्सारी पाणी झिओलाइटच्या टाक्यांतून गाळले गेले. टाक्या इंधनाच्या तलावात बुडवून ठेवल्या होत्या. वरचे पाणीच किरणांपासून कामगारांचे संरक्षण करी. ब्रिटनच्या सेलाफील्ड अणुकेंद्रात 1985 पासून कॅलिफोर्नियाचे क्लिनोप्टिलोलाइट वापरात आले. 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुअपघातानंतरही पहिल्या गाळणयंत्रणेत झिओलाइटच होते.

राहुरीचा दगड मात्र या अणुकेंद्रांत गेला नाही, आणि त्याला कारण आहे. गाळणीसाठी एकसारखा माल टनावारी लागतो. तो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या जाड थरांत मिळतो किंवा कारखान्यात तयार होतो. दख्खनचे झिओलाइट पोकळी-पोकळीत विखुरलेले. त्यामुळे त्यांची बाजारपेठ संग्राहकांचीच राहिली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात.

महाराष्ट्रातल्या अणुकचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने वेगळी वाट धरली. तारापूरच्या अल्कधर्मी द्रव कचऱ्यातले सिझियम वेगळे करण्यासाठी त्यांनी रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइडचे राळेसारखे दाणे विकसित केले. तुर्भ्याच्या कचऱ्यातून द्रावकाने काढलेले सिझियम तर काचेत बंदिस्त करून त्याच्या कांड्या केल्या जातात. रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरण सोडणाऱ्या यंत्रांत आज त्या कांड्या वापरल्या जातात.