सपाट मुलुखातला सायकलस्वार

नागपुरास डोंगर नाही. सीताबर्डीची टेकडी आहे खरी. पण तिला डोंगर म्हणणे म्हणजे फुटाळ्याला समुद्र म्हणण्यासारखेच. अशा या गावात 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुढे हँडलला डबा अडकवून पाळीवर निघालेल्या सायकलींची गिरणीच्या वाटेवर रीघ लागू लागली. 2002 साली गिरणी बंद पडली. तिच्या हयातीत सायकल हे पोट भरायला नेणारे वाहन होते. तिच्यावरून कीर्तीच्या मागे जावे, हे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मुंबईकरांच्या आले होते! 1923 च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे सत्तर हजार किलोमीटर तुडवून 1928 च्या मार्चमध्ये परतले. त्यांच्या मागे घड्याळ मात्र लागलेले नव्हते. ते लागले 1982 साली, अमेरिकेत. सांता मोनिकाहून न्यूयॉर्ककडे चौघांनी शर्यत लावली, आणि लॉन हॉल्डमन 9 दिवस 20 तासांत पोहोचला. हीच पुढे ‘रेस अक्रॉस अमेरिका’ झाली. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो : घड्याळ थांबत नाही. झोपलात, तर झोपही हिशेबात. म्हणून स्वार दिवसाकाठी तास-दोन तास डोळा लावतो न लावतो तोच पुन्हा खोगिरावर. काहींच्या मानेचे स्नायू असे थकतात की डोके वर धरवत नाही. 1983 साली हा प्रसंग ज्याच्यावर ओढवला, त्या मायकेल शर्मरचेच नाव या विकाराला पडले आहे.

या शर्यतीत 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ उतरले. पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर. आधी वाळवंट, मग कोलोरॅडोत तीन हजार मीटरांवरच्या खिंडी. आणि मुदत बारा दिवसांची. विदर्भातल्या मे महिन्याने वाळवंटाची थोडीफार तालीम करून घेतली असेल. खिंडींची कोण करून घेणार? 11 दिवस 21 तास 11 मिनिटांनी ते पोहोचले. मुदतीला जेमतेम तीन तास उरले होते. त्यांच्या दोन-अडीच तास आधी नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ पोहोचले होते, आणि ही शर्यत एकट्याने मुदतीत पुरी करणारा पहिला भारतीय हा मान त्यांच्याकडे गेला. तो न्याय्यच आहे. पण बारा दिवसांच्या वाटेवर अडीच तास म्हणजे एखादी डुलकी, एखादे पंक्चर आणि एक उलटा वारा!

मौज अशी की गोकुलनाथही डॉक्टर. 2015 साली जोडीने हीच शर्यत पुरी करणारे नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे बंधूही डॉक्टर. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. जागरण शरीराचे काय करते हे ज्यांनी पुस्तकांतून शिकलेले, तेच या फंदात पडावेत! मला याचे कारण साधे वाटते. या खेळात बक्षिसाच्या रकमेवर कुणाचे घर चालत नाही. उलट सोबतच्या मोटारी, त्यांतली माणसे, त्यांचे खाणेपिणे, विमानाची तिकिटे हे सारे स्वारालाच उभे करावे लागते. पहिलवानाला राजाश्रय होता, क्रिकेटपटूला मंडळे आहेत. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराने आपला आश्रयदाता आपणच व्हायचे. गिरणीकामगार सायकलवरून पोटाच्या मागे जाई. इथे पोटाच्या व्यवसायालाच सायकल ओढावी लागते.

पुढच्याच वर्षी समर्थ सायबेरियात गेले. मॉस्को ते व्लादिवोस्तोक. पंधरा टप्पे, पंचवीस दिवस, नऊ हजारांवर किलोमीटर. त्यांतला चिताहून निघणारा एकच टप्पा तेराशे किलोमीटरांपेक्षा लांब होता. नागपूरहून निघालेल्या माणसाला तेवढ्या अंतरात दिल्ली मागे टाकता येईल. तो टप्पा त्यांनी ओलांडला, आणि त्यानंतरही पुढे रस्ता उरलाच होता. शेवटी पॅसिफिकच्या काठावर तो संपला, तेव्हा ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. या वेळी कुणी दोन तास आधी पोहोचलेले नव्हते.