बुकिंग पक्कं, बुकिंग पक्कं

मंगळवार, रात्री ९. सोळा तास उरले.

आसनगावला आमच्या घराच्या पडवीत पाच लॅपटॉप, एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि आईने दिलेले पोहे. शेवटचं वर्ष, विषय सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर, उद्या साडेअकराला बाहेरच्या परीक्षकांसमोर डेमो. पर्यटनाचा प्लॅटफॉर्म बनवा, असं सरांनी सांगितलं होतं. बाकीच्या ग्रुपांनी गोवा घेतला, एकाने तर दुबई. आम्ही शहापूर आणि मुरबाड घेतलं, कारण आम्ही तिथलेच. माहुली, आजोबा, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट, माळशेज. एवढं सगळं उंबऱ्याशी असून पाहुण्याला जेवायला कुठे मिळतं ते कुणाला ठाऊक नसतं.

या विषयाची शिकवण सोपी आहे. एकच अगडबंब प्रोग्रॅम लिहायचा नाही. छोट्या छोट्या सेवा लिहायच्या, प्रत्येकीने एकच काम करायचं, आणि एकमेकींना ठरलेल्या नमुन्यात निरोप धाडायचे. जीप ठरवणारी एक, वाटाड्या शोधणारी एक, जेवण-मुक्कामाची एक, पैशाची एक. निरोप पोचवायची सेवा माझ्याकडे होती: पाहुण्याला एसएमएस, यजमानाला एसएमएस. या सगळ्यांना हाकणारी ताळमेळ नावाची सेवा मुरबाडच्या पोराकडे.

पैशाची सेवा लिहिणारा धसईचा. १ डिसेंबर २०१६ला त्याचं गाव राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं होतं, वडापावच्या गाडीपर्यंत कार्डाची यंत्रं आल्याचं तो अजून ऐटीत सांगायचा. त्यावर नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण कुणीतरी काढायचंच. सातवाहनांचं पेमेंट गेटवे, रेंज लागत नाही, लाईट लागत नाही. हा विनोद त्या वर्षी आम्ही शंभरदा केला असेल.

रात्री ११.४०. तेरा तास वीस मिनिटं.

इथे थोडं थांबतो, कारण खरी गोष्ट इथेच घडली आणि ती माझ्या हातून घडली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गडांच्या पायथ्याची घरं फिरून फोन नंबर गोळा केले होते. कॉलेजचं काम आहे, पुढेमागे खरं झालं तर गिऱ्हाईक येईल, असं सांगून. ते नंबर यादीत खरेच्या खरे होते. म्हणून माझ्या सेवेत एक खटका ठेवला होता, ‘चाचणी’. तो चालू असला की सगळे एसएमएस माझ्याच फोनवर यायचे.

मुरबाडकर म्हणाला, “परीक्षकांनी स्वतःचा नंबर टाकला आणि त्यांच्या खिशात फोन वाजला, तर काय भाव मारू आपण!” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी खटका बंद केला. निरोप पाहुण्यासोबत यजमानालाही जातो, ही मीच लिहिलेली ओळ त्या क्षणी मला आठवली नाही.

रात्री १.४०. अकरा तास वीस मिनिटं.

रंगीत तालीम. पाहुणा म्हणून माझा नंबर, चार माणसं, गोरखगड, गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी. तारखेच्या जागी आपोआप ‘आज’ येत होतं, जेवणाची वेळ आपोआप दुपारी एक. मध्यरात्र उलटून गेल्यामुळे ‘आज’ म्हणजे आता बुधवार होता.

माझा फोन टुणकन वाजला. बुकिंग पक्कं! टाळ्या.

यजमानाचा निरोप मात्र एसएमएसवाल्या कंपनीच्या दारात अडकला. अडकला म्हणजे गेला, फक्त गेल्याची पोच उशिरा येत होती. ताळमेळ सेवा पाच सेकंद वाट बघायची, पोच नाही आली तर निरोप गेलाच नाही असं धरून पुन्हा पाठवायची. सात वेळा पोच उशिरा आली. आठव्यांदा वेळेत आली. पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न’च्या सात पिवळ्या ओळी होत्या. पिवळ्या ओळी कोण वाचतो? लाल नाही ना, मग झोपा.

सकाळी ६.१५. पावणेसात तास.

हे आम्हाला नंतर कळलं. गोरखगडाच्या पायथ्याच्या त्या घरात रेंज नाही. काका सकाळी रस्त्याच्या वळणावर आले की खिशातला फोन जिवंत होतो. त्या दिवशी तो लागोपाठ आठ वेळा वाजला. ४ जण, दुपारी १, कोंबडी-भाकरी, बुकिंग पक्कं. आठही निरोपांत नंबर एकच, माझा. काकांनी सरळ हिशेब केला: कॉलेजची सहल, आठ गट, बत्तीस माणसं.

६.५० आणि ८.२०.

दोन मिस्ड कॉल. मी कल्याणच्या लोकलमध्ये दाराशी उभा, अनोळखी नंबर, डेमोची सकाळ. फोन सायलेंटवर टाकला.

सकाळी ९. चार तास.

काकूंनी शेजारच्या दोघींना हाक मारली. घरच्या दोन कोंबड्या, शेजारून चार. लाईट गेलेली म्हणून गिरण बंद, तर तीन घरांतून पीठ गोळा केलं. एप्रिल होता. शहापुरात भातसा आणि तानसा भरून मुंबईला पाणी पाजतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. इकडे मुरबाडच्या डोंगराखाली फार वेगळं नाही. विहिरीचा तळ दिसत होता. तरी बत्तीस माणसांना प्यायला, हात धुवायला आणि भांड्यांना म्हणून बारा हंडे जास्तीचे आणले गेले.

११.३०. दीड तास.

डेमो झकास. जीप आली, वाटाड्या आला, परीक्षक मान डोलवत होते. “एक सेवा पडली तरी बाकीचं चालतं?” त्यांनी विचारलं. “हो सर, पोच नाही आली तर पुन्हा पाठवतो,” मुरबाडकर अभिमानाने म्हणाला.

११.५२.

माझा फोन टेबलावर थरथरत सरकायला लागला. तोच नंबर. परीक्षक हसून म्हणाले, “घ्या, घ्या, स्पीकरवर घ्या. तुमचंच गिऱ्हाईक असेल.”

“सर, कुठवर आलात? म्हसा सोडलं का? बत्तीस पानं मांडायची ना एकदम, का दोन पंगती करू?”

लॅबमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. परीक्षक उठले, मुरबाडकराच्या लॅपटॉपवर रात्रीची नोंद उघडली आणि पिवळ्या ओळींवर बोट ठेवून मोजत गेले. सात. मग खालची हिरवी. आठ. “निरोपाला बुकिंग नंबर कुठाय?” नव्हता. प्रत्येक निरोपासोबत एकच नंबर गेला असता तर दुसऱ्या वेळी वाचणाऱ्याला कळलं असतं की हे आधीचंच आहे. हे आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. परीक्षेत आलं तर पाच गुणांना येतं, म्हणून आम्ही पाठही केलं होतं.

दुपारी १.

अंगणात बत्तीस पत्रावळ्या. आम्ही तेव्हा कल्याणच्या नाक्यावर जीपवाल्याशी भाव करत होतो.

आम्ही पाच, वर्गातले तीन भुकेले आणि ड्रायव्हर, असे नऊ जण मुरबाड, म्हसा करत पावणेचारला पोचलो. रस्सा पुन्हा गरम केलेला. काका एक शब्द बोलले नाहीत, ते सगळ्यात अवघड गेलं. काकूंनी वही आणून दाखवली. बॉलपेनने लिहिलेल्या आठ ओळी, प्रत्येकीसमोर ४ आणि शेवटी बेरीज.

मी निरोप, पोच, पाच सेकंद असं काहीबाही समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“एकदाच सांगितलं असतंस तरी ऐकलं असतं की,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या पानात अजून एक भाकरी टाकली.

सगळ्यांचे खिसे उलटे करून पैसे जमवले. कोंबड्यांचे घेतले, पिठाचे घेतले. बारा हंड्यांचे किती, असं विचारल्यावर त्यांनी विहिरीच्या दिशेने नुसतं पाहिलं आणि वही मिटली.