विंगेतली पंधरा मिनिटे : शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचव्यवस्थेचे विवेचन

धावण्याच्या शर्यतीत संयोजकांनी गोंधळ घातला तर शर्यत उशिरा सुटते, पण निकाल सहसा बदलत नाही. कोण किती सेकंदांत पोहोचला हे घड्याळ सांगते. शरीरसौष्ठवात घड्याळ नाही, फीत नाही, आणि वजनकाटा आहे तो गट ठरवण्यापुरता. पंचाचा डोळा एवढेच मोजमाप, आणि त्या डोळ्याला काय दिसणार हे प्रकाश, अंतर, अंगावरचा रंग आणि वेळ यांवर ठरते. तेव्हा मंच आणि रंगपट यांची व्यवस्था ही या खेळात निकालाच्या बाहेरची गोष्ट नाही. ती निकाल लावण्याच्या प्रक्रियेचाच एक भाग आहे. एकाही पंचाने पक्षपात न करता केवळ ढिसाळ व्यवस्थेमुळे पहिला खेळाडू तिसरा होऊ शकतो.

या व्यवस्थेपुढे दोन उद्दिष्टे असतात. प्रत्येक खेळाडू त्याच्या सर्वोत्तम अवस्थेत मंचावर यावा, हे एक. सगळे खेळाडू सारख्याच परिस्थितीत पंचांसमोर उभे राहावेत, हे दुसरे. वरवर पाहता यात विरोध नाही. प्रत्यक्षात विंगेतली बहुतेक भांडणे या दोहोंच्या ओढाताणीतून होतात, कारण खेळाडूला आणि त्याच्या प्रशिक्षकाला पहिले हवे असते आणि संयोजकाला दुसरे सांभाळायचे असते. माझ्या मते जिथे दोन्ही साधत नाहीत तिथे दुसऱ्याला प्राधान्य द्यावे. स्पर्धा म्हणायची तर तेवढे बंधन आलेच.

या खेळाच्या आरंभीच्या मोठ्या प्रयोगातही सगळ्यांची सारखी तुलना कशी करायची हा प्रश्न होता. 14 सप्टेंबर 1901 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजीन सँडोने स्पर्धा भरवली. अंतिम फेरीत साठ स्पर्धक होते. शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉइल पंच होते आणि सँडो स्वतः त्यांच्यासोबत होता. इतक्या माणसांना एकाच वेळी डोळ्यांत साठवणे अशक्य. त्यांना रांगेत उभे करायचे, छोट्या तुकड्यांत पाहायचे आणि पुन्हा शेजारी-शेजारी आणायचे, याला पर्याय नव्हता. 1965 मध्ये ब्रुकलिनमध्ये पहिली मिस्टर ऑलिंपिया झाली आणि लॅरी स्कॉट जिंकला. तेव्हापासून बक्षिसे, गट आणि झगमगाट वाढत गेले, पण गाभा तोच राहिला. पंचांना तुलना करता आली पाहिजे.

वेळेचे गणित

स्पर्धेच्या दिवशीचे शरीर ही टिकाऊ वस्तू नसते. आठवडाभर पाणी, मीठ आणि कर्बोदके यांची मांडणी करून खेळाडू ज्या अवस्थेला येतो ती काही तासांची असते, आणि वॉर्मअप खोलीत डंबेल व रबरी पट्टे ओढून स्नायूंत जो पंप येतो तो तर दहा-पंधरा मिनिटांत उतरू लागतो. म्हणून वेळापत्रक मंचाकडून मागे मोजत आणावे लागते. गट मंचावर कधी जाणार हे आधी ठरवायचे. त्याच्या पंधरा मिनिटे आधी तो गट वॉर्मअप खोलीत हवा, त्याआधी रंगाचा शेवटचा हात आणि तेल, त्याआधी क्रमांकाचा बिल्ला चड्डीच्या डाव्या बाजूला लावलेला, आणि वजन, नोंदणी, सूचना हे सगळे आदल्या दिवशीच उरकलेले.

इथे चूक साचत जाते, हे नवख्या संयोजकाच्या लक्षात येत नाही. समजा सहा गट आहेत आणि प्रत्येकाला 15 मिनिटे दिली आहेत. प्रत्येक गट फक्त 4 मिनिटे लांबला, तर सहावा गट 20 मिनिटे उशिरा मंचावर येतो. म्हणजे वेळापत्रकावर विश्वास ठेवून ज्यांनी पंप मारला ते मंचावर पोहोचेपर्यंत निम्मे ओसरलेले असतात. ज्यांचा प्रशिक्षक विंगेत उभा राहून मंचावर काय चालले आहे ते पाहत होता, त्यांनी मात्र उशिराच सुरुवात केली. फरक शरीरांत नव्हता, माहितीत होता. यावर उपाय साधा आहे. वॉर्मअप खोलीत घड्याळाच्या वेळा लावू नयेत. ‘मंचावर कोण, तयार कोण, पंप कोण’ एवढेच दाखवणारा फलक असावा आणि एका माणसाने तो सतत बदलत राहावे.

अमेरिकेतल्या स्पर्धांत हे काम करणाऱ्याला एक्स्पीडायटर म्हणतात. आपल्याकडे ते बहुधा ‘स्टेजवाले’ या सामूहिक नावाखाली वाटून जाते, आणि वाटून गेले की कोणाचेच राहत नाही. हा माणूस मुख्य पंचाशी थेट बोलू शकणारा हवा, आवाजाचा हवा, आणि कोणत्याही व्यायामशाळेशी बांधलेला नसावा. मंचावरच्या गटाची शेवटची तुलना सुरू झाली की पुढचा गट क्रमांकाप्रमाणे विंगेत उभा, ही त्याची किमान जबाबदारी.

वॉर्मअप खोलीच्या तापमानाबद्दल दोन शब्द, कारण त्याकडे कोणी पाहत नाही. वातानुकूलन जोरात असेल तर त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि महिनोन्महिने घासून काढलेल्या शिरा दिसेनाशा होतात. खोली गरम असेल तर घामाने रंग ओघळतो. पाहुण्यांसाठी थंड केलेल्या सभागृहात विंगेतले उघडे अंग थरथरत असते, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. जमल्यास रंगपटाचे वातानुकूलन वेगळे असावे.

रंग

रंग कशासाठी? तीव्र प्रकाशात कातडी उजळून सपाट दिसते आणि स्नायूंमधल्या चिरा पुसट होतात. गडद रंगावर उजेड आणि सावली यांतला फरक ठळक होतो. म्हणून जन्मतः सावळ्या खेळाडूलाही रंग लावावा लागतो. एक प्रकारचा रंग त्वचेच्या वरच्या मृत थरावर रासायनिक क्रिया होऊन काही तासांनी चढतो. तो आदल्या रात्री दोन-तीन हातांत लावतात. दुसरा वरवर बसतो आणि सकाळी लावतात. हा दुसरा पुसला जातो, शेजाऱ्याला लागतो, पडद्याला लागतो. आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाच्या हौशी स्पर्धांत नुसते पुसून निघणाऱ्या रंगावर बंदी आहे आणि तेलही बेताचेच चालते. ही बंदी सभागृहाच्या भिंतींसाठी नाही. दुसऱ्याचा हात लागून पाठीवर पांढरा पट्टा उमटलेला खेळाडू मागच्या डबल बायसेप्स पोझला काय दाखवणार?

सगळ्यांना एकाच ठिकाणी, एकाच पथकाकडून, यंत्राने फवारून रंग देण्याची पद्धत मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत रुळली आहे. ती खर्चिक आहे, पण तिने रंगाच्या छटांमधला फरक कमी होतो आणि तुलना स्वच्छ होते. त्यासोबत सूचनापत्र हवेच: दाढी-केस आदल्या दिवशी काढा, त्वचेवर क्रीम नको, डिओडरंट नको. डिओडरंटवर रंग बसला की काखेत हिरवट झाक येते, आणि हात वर करायची पोझ तर पहिलीच असते.

प्रकाश आणि रेषा

या विषयात एकाच गोष्टीसाठी पैसा असेल तर तो प्रकाशावर घालावा. समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून आलेला प्रकाश चेहरा छान दाखवतो आणि पोट सपाट करून टाकतो. थेट डोक्यावरून आलेला प्रकाश छातीखाली आणि बरगड्यांत खोल सावल्या पाडतो. त्यात बऱ्यापैकी शरीरही कोरीव भासते, पण मांड्या अंधारात जातात. समोरून तिरकस वरून येणारा मुख्य प्रकाश आणि सावल्या मऊ करण्यापुरता बाजूंनी थोडा, अशी रचना पंचांच्या कामाची. रंगीत दिवे तुलनेच्या वेळी पूर्ण बंद. ते वैयक्तिक पोझिंगच्या संगीताबरोबर खुशाल नाचवावेत. अलीकडे पाठीमागे मोठा एलईडी पडदा लावून त्यावर प्रायोजकांची चित्रे फिरवतात. मला तो प्रकार पटत नाही. मागून उजेड आला की पंचाच्या डोळ्याची बाहुली आकसते आणि पुढचे शरीर काळवंडते. पार्श्वभूमी गडद, बिनचमकीची असावी.

मंचावर प्रकाश सगळीकडे सारखा पडत नाही. मध्ये भरपूर आणि टोकांना कमी, हे जवळजवळ प्रत्येक सभागृहात घडते. एका खेळाडूला पाठ रुंद करणाऱ्या लॅट स्प्रेड पोझसह दीड मीटर जागा धरली तर दहा जणांच्या रांगेला पंधरा मीटर लागतात, आणि एवढा पट्टा सारखा उजळवणे सोपे नाही. म्हणून पद्धतीनेच या विषमतेवर मात करावी लागते. मुख्य पंच चार-पाच क्रमांक पुकारून पुढे मध्यावर बोलावतो, वळणे आणि ठरलेल्या पोझेस करवून घेतो, मग ‘सात आणि बारा, जागा बदला’ असे सांगतो. प्रेक्षकाला हा वेळकाढूपणा वाटतो. खरे तर खेळातली सर्वांत शास्त्रशुद्ध कृती हीच, कारण एकच शरीर दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या शेजाऱ्यांबरोबर पाहिल्यावरच जागेचा लाभ वजा करता येतो. व्यावसायिक खुल्या गटात अशा आठ ठरलेल्या पोझेस आहेत, शेवटची मोस्ट मस्क्युलर.

मंचावर एक रेषा आखलेली असावी, आणि खेळाडूंनी ती ओलांडू नये हे पाहायला माणूस असावा. रेषेपुढे अर्धे पाऊल सरकलेला खेळाडू मोठा दिसतो, आणि शेजारी ते पाहून तोही सरकतो. पाच मिनिटांत अख्खी रांग पंचांच्या टेबलाशी आलेली असते आणि मुख्य प्रकाश त्यांच्या पाठीवर पडत असतो. मंचाची उंचीही बेताची हवी. फार उंच मंचाकडे खालून पाहणाऱ्या पंचाला मांड्या अवाढव्य आणि खांदे लहान दिसतात. जमीन कोरडी आणि न घसरणारी, हे वेगळे सांगायला नको. अनवाणी पायाखाली तेलाचा थेंब पुरतो.

धोका

आतापर्यंतचे दोष निकाल बिघडवणारे होते. काही दोष जीवावर बेततात. ऑक्टोबर 1992 मध्ये हॉलंडमधली ग्रांप्री जिंकल्यानंतर काही तासांतच मोहम्मद बेनअझीझा मरण पावला. शरीरातले पाणी काढून टाकण्याची औषधे आणि निर्जलीकरण यांच्याशी तो मृत्यू जोडला गेला. 1994 च्या अर्नोल्ड क्लासिकमध्ये पॉल डिलेट पोझ देतानाच आखडला आणि त्याला उचलून मंचाबाहेर न्यावे लागले. पुढे व्यावसायिक स्पर्धांत मूत्रल औषधांची चाचणी आली, आणि 1996 च्या मिस्टर ऑलिंपियात तिसरा आलेला नासर अल सोनबाती त्या चाचणीत सापडून बाद झाला.

खेळाडू काय खातो-पितो यावर संयोजकाचा ताबा नाही. पण विंगेत डॉक्टर आहे की नाही, मंचापासून रुग्णवाहिकेपर्यंतची वाट खुर्च्यांनी अडलेली आहे की मोकळी, दिव्यांच्या उकाड्यात खेळाडूंना विनाकारण आवळून उभे केले जाते का, हे सर्वस्वी त्याच्या हातात असते. ‘आरामात उभे राहा’ असे मुख्य पंचाने सांगितले तरी एकही खेळाडू आराम करत नाही. पंच पाहतील या भीतीने तो ताणलेलाच राहतो. म्हणून जे तुलनेत नाहीत त्यांना रांगेत उभे ठेवण्यापेक्षा मागे विंगेत पाठवावे. मंचाच्या दोन्ही तोंडांशी दोन धडधाकट कार्यकर्ते फक्त खेळाडूंच्या पायांकडे पाहत उभे असावेत. गोळा येण्याची पहिली खूण पोटरीत आणि मांडीच्या मागे दिसते, चेहरा तेव्हाही हसत असतो.

मैदानावर

आपल्याकडे मुंबई श्री, महाराष्ट्र श्री यांसारख्या किताबांच्या स्पर्धा अनेकदा मैदानात, मांडव घालून, संध्याकाळी होतात. लालबाग-परळ भागातल्या प्रेक्षकांइतका जाणता प्रेक्षक या खेळाला क्वचित मिळतो. पंचांनी पुकारण्याआधीच तो पहिल्या तिघांची नावे ओरडत असतो. पण मुंबईच्या दमट हवेत रंग नीट वाळत नाही, वाऱ्याने पडदा हलला की प्रकाशही हलतो, आणि वॉर्मअपची जागा म्हणजे मागचा कनातीचा कोपरा, ज्यात डंबेलच्या तीन जोड्यांवर वीस जण तुटून पडलेले.

त्यातला सर्वांत मोठा शत्रू मात्र हवामान नव्हे, सत्कार. प्रमुख पाहुणे येतात ते नेमके एखादा गट विंगेत तयार उभा असताना. मग शाल, श्रीफळ, मनोगत, सोबत आलेल्या दहा जणांची नावे. पाहुण्यांशिवाय मैदान आणि वर्गणी मिळत नाही हे मान्यच. म्हणून सत्कार टाळा असे सांगण्यात अर्थ नाही. ते दोन गटांच्या मधल्या ठरलेल्या फटीत बसवावेत, आणि पाहुणे अवेळी आलेच तर चालू गट पूर्ण होईपर्यंत त्यांना पहिल्या रांगेत बसवून ठेवण्याचे धैर्य सूत्रसंचालकाला असावे. पाहुणे बहुतेक वेळा समजून घेतात. घाबरतात ते कार्यकर्ते. गटविजेत्यांची किताबासाठीची अंतिम तुलना तर कोणत्याही भाषणानंतर लगेच ठेवू नये. त्या सहा-सात जणांपैकी पहिल्या वजनी गटाचा विजेता तीन तासांपूर्वी मंचावरून उतरलेला असतो आणि शेवटच्या गटाचा दहा मिनिटांपूर्वी. सगळ्यांना पंपासाठी सारखा वेळ मिळेल इतकी मोकळी जागा वेळापत्रकात ठेवली नाही, तर किताब वजनी गटांच्या क्रमाने वाटला जाण्याचा धोका असतो.

निकालाच्या कागदांचीही वाट ठरलेली असावी. पंच गुण देत नाहीत, क्रमांक देतात. टोकाचे क्रमांक वगळून बाकीची बेरीज करतात आणि कमी बेरीज असणारा वर जातो. ही आकडेमोड दोघांनी स्वतंत्रपणे करावी, आणि कागद पंचांच्या टेबलावरून थेट त्यांच्याकडे जावेत, संयोजकांच्या हातून नव्हे.

जिथे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनी चाचणी होते, तिथे बक्षीस समारंभाने काम संपत नाही. निवडलेल्या खेळाडूला मंचावरून उतरताच सोबती लागतो आणि नमुना देईपर्यंत तो नजरेआड होत नाही. किमान 90 मिलिलिटर लघवी लागते, आणि दोन दिवस पाणी तोडलेल्या माणसाला ती लवकर होत नाही. घाईने भरपूर पाणी प्यायला दिले तर नमुना पातळ ठरून पुन्हा द्यावा लागतो. तेव्हा सभागृहाचे भाडे ठरवताना स्वच्छतागृहाला लागून असलेली नमुना घेण्याची खोली मध्यरात्रीनंतरही चालू राहील असे आधीच लिहून घ्यावे, आणि तिथे बसणाऱ्यांच्या जेवणाचीही सोय करावी.