सीएनसी लेथवरील गुळगुळीत काम

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. मागाचा दांडा खरबरीत राहिला, तर तो ज्या बुशमध्ये फिरतो ते लवकर झिजते. नुसते माप बरोबर असून भागत नाही. एका फेऱ्यात हत्यार जेवढे पुढे सरकते ती फीड. तिच्या वर्गाला हत्याराच्या टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागले, की पृष्ठभागावरील चरांची अंदाजी खोली मिळते. त्रिज्या ०.८ व फीड ०.२ मिलिमीटर असल्यास ती ६.२५ मायक्रॉन येते. फीड निम्म्यावर आणल्यास जेमतेम १.५६. वेळ मात्र दुप्पट लागतो. त्रिज्या वाढवणे सोपे वाटते, पण लांब, बारीक दांडा वाढत्या दाबाने थरथरतो व लाटा उमटतात. पोलादावर वेग फार कमी असल्यास धातू धारेला चिकटून पृष्ठभाग ओरबाडला जातो. तिथे आधी वेगच वाढवावा लागतो.