शिरयान, वरीद आणि माझं चुकलेलं भाषण

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की आठवीचा तास माझ्याकडे येतो. परवा रक्तवाहिन्यांचा धडा होता. मराठीत धमनी आणि शिरा, उर्दूत शिरयान आणि वरीद. दोन्हींची भित्तिका तीन थरांची. धमनीचा मधला थर जाड आणि लवचीक असतो, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब तिला सोसावा लागतो. शिरेत दाब कमी, म्हणून तिची भित्तिका पातळ.

एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही भाषणात म्हणाला होतात, रक्ताभिसरणाचा शोध मुसलमानांनी लावला आणि हार्वेने तो चोरला. मग सगळीकडे हार्वेचंच नाव का?"

मी गप्प झालो. ते वाक्य मी मोबाइलवर आलेल्या एका मेसेजमधून उचललं होतं. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा खरी हकीकत कळली.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन सांगून गेला होता की हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून डावीकडे जातं. इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्येही हेच आलं. शतकानुशतके वैद्य हेच शिकत राहिले.

इब्न अल-नफीस दमास्कसला वैद्यक शिकले आणि पुढे काहिरात राहिले. ते शाफई फिक्हही शिकवत. १२४२च्या सुमारास त्यांनी 'कानून'मधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिलं. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की हा पडदा भरीव आहे, त्यात छिद्र नाही. उजवीकडचं रक्त फुप्फुसात जातं, तिथे हवेत मिसळतं आणि मग डावीकडे येतं.

या मांडणीत भित्तिकांना महत्त्व होतं. हृदयाकडून फुप्फुसात जाणाऱ्या वाहिनीला जुने वैद्य 'शिरयानी वरीद' म्हणत. ती उजव्या बाजूने निघते म्हणून वरीद, पण भित्तिका जाड म्हणून शिरयानी. परत येणारी ती 'वरीदी शिरयान', कारण तिची भित्तिका पातळ. इब्न अल-नफीस यांच्या मते जाड भित्तिकेतून फक्त रक्ताचा अगदी तरल भाग पाझरतो आणि पातळ भित्तिकेची वाहिनी तो सहज आत घेते. दोन्हींच्या मध्ये वाटा असल्या पाहिजेत, असंही त्यांनी लिहिलं.

जाडीचं हे कारण चुकीचं होतं. खरं कारण दाबाचं आहे. पण रक्ताचा फुप्फुसातला रस्ता त्यांनी बरोबर सांगितला. संपूर्ण शरीरातलं अभिसरण मात्र त्यांनी सांगितलेलं नाही. ते १६२८मध्ये हार्वेने प्रयोग आणि हिशेब करून दाखवलं. त्या मधल्या वाटा, म्हणजे केशवाहिन्या, १६६१मध्ये माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

मग चोरी कुठली? हार्वेने हे भाष्य वाचल्याचा पुरावा नाही. खुद्द आपल्यालाच त्याचा विसर पडला होता. १९२४मध्ये अल-ततावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीतल्या आपल्या प्रबंधात ते पुढे आणलं. हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होतं.

इब्न सीना यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून इब्न अल-नफीस यांनी त्यांची चूक लिहून ठेवली. मला तर एक मेसेज तपासायलाही सवड झाली नव्हती. त्यांचं नाव घेऊन मी मुलांपुढे खोटं बोललो, हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. मुलं हसली नाहीत. त्या मुलीने फक्त विचारलं, "पण सर, तो पडदा खरंच भरीव असतो का?"

आता बाई आल्या की खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणायचं ठरलंय. मुलं पडदाही बघतील आणि दोन्ही वाहिन्या बोटांनी चाचपूनही बघतील.